थकल्या पायांचा शिकारी : जिम कॉर्बेट

जिम कॉर्बेट हे नाव मराठी वाचकाला नवे नाही. त्यांच्या पुस्तकांचे मराठी अनुवाद आपल्या घरांत आणि मंडळांच्या कपाटांत वर्षानुवर्षे हातोहात फिरले आहेत. कुमाऊँचे नरभक्षक वाघ आणि रुद्रप्रयागचा बिबट्या ही आपल्यापैकी अनेकांच्या शाळकरी उन्हाळ्यांची सोबत होती.

ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे अशा संस्थानी गावांत मुरलेल्या आपल्या कुटुंबांना शिकारीची आणखी एक परंपरा ठाऊक आहे. महाराजांची स्वारी, हत्ती, हौदे, हाकारे आणि उंच बांधलेले मचाण. त्या शिकारीत वय फारसे आड येत नसे, कारण महाराजांना वाघापर्यंत जावे लागत नसे. वाघच त्यांच्यापर्यंत हाकत आणला जाई. कॉर्बेट यांची शिकार निराळी होती. ते डोंगर पायी चढत, बहुधा एकटे जात आणि ज्याच्या मागावर निघत तो बहुतेक वेळा माणसे खाणारा असे. अशा शिकारीत गुडघे, कान, डोळे आणि झोप या सगळ्यांचा हिशेब ठेवावा लागतो. म्हणून या लेखात आम्ही कॉर्बेट यांच्या आयुष्याकडे जरा वेगळ्या बाजूने पाहणार आहोत. शरीर कुरकुरू लागल्यावर माणूस हाती घेतलेले काम कसे चालू ठेवतो आणि केव्हा खाली ठेवतो, हे त्यांच्या आयुष्यात फार स्पष्ट दिसते.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म 25 जुलै 1875 रोजी नैनीतालला झाला. वडील तिथे पोस्टमास्तर होते. कुटुंब मोठे, मिळकत बेताची. उन्हाळा नैनीतालच्या थंड हवेत आणि हिवाळा डोंगरपायथ्याच्या कालाढुंगीत, अशी वर्षाची विभागणी असे. जिम सहा वर्षांचे होण्याआधीच वडील वारले आणि एवढ्या मुलांचा संसार आईने एकटीने ओढला. कालाढुंगीच्या घरामागेच जंगल सुरू होई. लहानग्या जिमला तिथे पहिली बंदूक मिळाली ती ठासणीची दुनळी. तिची एक नळी फुटलेली होती आणि दस्ता तारेने बांधलेला होता. या अर्ध्या बंदुकीने त्यांना एक सवय लावली, ती जन्मभर टिकली. बार एकच, म्हणून तो वाया घालवायचा नाही. आधी बघायचे, ऐकायचे आणि मगच घोड्याला बोट लावायचे. भेकर कधी ओरडते, वानर कुणाला पाहून खाकरतो, माती किती ओली असली की ठसा किती जुना, हे सगळे त्यांनी त्या वयात जंगलातच गिरवले. पुढे पाय थकले तेव्हा ही पुंजी कामाला आली.

विशीच्या आत त्यांना रेल्वेत नोकरी धरावी लागली. नंतर बिहारमध्ये गंगेकाठच्या मोकामा घाटावर एका मापाच्या रुळांवरच्या गाडीतून दुसऱ्या मापाच्या गाडीत माल चढवण्या-उतरवण्याचे कंत्राट त्यांनी घेतले. हमालांबरोबर ते स्वतः राबले. वीसेक वर्षे त्यांची मुख्य उपजीविका ही होती. एवढे मोठे शिकारी म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्यांनी उमेदीचा काळ मालधक्क्यावर काढला आणि शिकार केली ती रजेत.

1907 साली चंपावतच्या वाघिणीसाठी त्यांना बोलावणे आले. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून 436 माणसे तिच्या नावावर होती. कॉर्बेट यांनी जाण्यापूर्वी दोन अटी घातल्या. तिच्यावर लावलेले इनाम रद्द करावे आणि रानात फिरणाऱ्या इतर शिकाऱ्यांना परत बोलवावे. पैशासाठी शिकार करणारा म्हणून आपली गणना होऊ नये, आणि चुकून कुणाची गोळी आपल्याला लागू नये, असा दुहेरी विचार त्यात होता. तेव्हा ते बत्तिशीच्या आसपास होते. वाघीण मेल्यावर तिचे तोंड तपासले तर उजव्या बाजूचे सुळे जुन्या गोळीने मोडलेले निघाले. हरणे-सांबरे धरणे तिला अशक्य झाले होते, म्हणून ती माणसांकडे वळली होती.

ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे ती पुन्हा पुन्हा समोर येते. कॉर्बेट यांनी मारलेल्या नरभक्षकांपैकी बहुतेक जायबंदी किंवा म्हातारे होते. कुणाच्या पंजात साळिंदराचे काटे रुतलेले, कुणाचे दात झिजलेले, कुणाच्या अंगात अर्धवट शिकाऱ्याने सोडलेली गोळी. एका बाजूला वय होत चाललेला शिकारी आणि दुसऱ्या बाजूला वय झालेले किंवा दुखावलेले जनावर, असे ते सामने होते.

पहिल्या महायुद्धात कॉर्बेट यांनी पाचशे कुमाऊँनी माणसांची तुकडी उभी करून फ्रान्सला नेली आणि एक वगळता सगळे सुखरूप परत आणले. त्यानंतर वझिरिस्तानच्या सरहद्दीवरही ते राहिले. परतले तेव्हा पंचेचाळिशी ओलांडली होती. मोकामा घाटाची नोकरी सुटली होती, कालाढुंगीजवळ छोटी हलद्वानी हे गाव त्यांनी विकत घेऊन कुळांसाठी वसवले होते, आणि अविवाहित बहीण मॅगी घर सांभाळत होती. अशा वयात माणूस ओसरीवर खुर्ची टाकून बसायला मोकळा असतो. कॉर्बेट यांची सगळ्यात कठीण शिकार मात्र अजून व्हायची होती.

रुद्रप्रयागचा बिबट्या 1918 पासून केदार-बदरीच्या यात्रामार्गावर माणसे उचलत होता. सरकारी नोंदीत त्याचे 125 बळी आहेत. संध्याकाळ झाली की त्या सगळ्या टापूत दारे लागत आणि रात्री कुणी पाऊल बाहेर टाकत नसे. कॉर्बेट 1925 च्या शरद ऋतूत तिथे गेले तेव्हा पन्नाशीचे होते. अलकनंदेवरच्या झुलत्या पुलाच्या मनोऱ्यावर त्यांनी वीस रात्री काढल्या. वर ना छप्पर, ना कठडा, खालून नदीचा गार वारा आणि झोपेची पेंग आली तर थेट पात्रात. बिबट्या पुलावर आला नाही. दिवसभर डोंगर तुडवायचे आणि रात्रभर जागायचे, असे आठवड्यांमागून आठवडे गेले. शेवटी शरीराने नकार दिला. कॉर्बेट यांना ठाऊक होते की थकलेला शिकारी नरभक्षकासमोर चुका करतो आणि तिथे चूक एकदाच करता येते. ते परत गेले. वर्तमानपत्रांनी त्यावर टीका केली, ती त्यांनी ऐकून घेतली. त्या काळातील लोकांना हे माघार घेणे वाटले असेल. आम्हांला मात्र त्यांचा खरा शहाणपणा इथे दिसतो.

विश्रांती घेऊन 1926 च्या वसंतात ते पुन्हा आले. गुलाबराय इथल्या यात्रेकरूंच्या निवाऱ्याजवळ एका आंब्याच्या झाडावर बसू लागले. खाली गळ्यात घंटा बांधलेली शेळी. दहा रात्री काही घडले नाही. अकराव्या रात्री, 2 मे रोजी, घंटा जोरात वाजली. बॅटरीचा झोत क्षणभर पडला, बार निघाला आणि दिवा विझला. सकाळ होईपर्यंत गोळी लागली की नाही हे कळायला मार्ग नव्हता. उजाडल्यावर खाली एक म्हातारा बिबट्या मरून पडलेला दिसला. दात झिजलेले, मागच्या पायाचे एक बोट जुन्या गोळीने गेलेले. आठ वर्षे ज्याला लोक भूत समजत होते ते एक थकलेले जनावर होते, आणि त्याला गाठणाराही थकलेलाच होता.

यानंतरची तल्ला देसची मोहीम तर दुखणे घेऊन शिकार करण्याची परिसीमा म्हणावी लागेल. 1929 च्या आरंभी तराईतल्या एका शिकारीत सोबतच्या व्यक्तीच्या हातून जड रायफल कॉर्बेट यांच्या कानाजवळ चुकून उडाली. कानाचा पडदा फाटला, आत जखम चिघळली आणि डोक्यात गळू धरले. चेहरा, मान सुजली. डावा डोळा उघडेना. अशा अवस्थेत पूर्व कुमाऊँतल्या नेपाळ सीमेजवळच्या तल्ला देस भागातून नरभक्षक वाघिणीची खबर होती. आठ वर्षांत सुमारे दीडशे माणसे तिने नेली होती. वय त्रेपन्न. एका कानाने ऐकू येत नाही, एका डोळ्याने दिसत नाही, डोके ठणकते आहे, आणि जंगलात ज्याच्यावर जीव तगतो ते कान नि डोळेच. तरी ते गेले.

तिथे पोचताच पहिल्याच सामन्यात एक घोळ झाला. वाघिणीची दोन वाढलेली पिल्ले मारली गेली आणि खुद्द वाघीण जखमी होऊन निसटली. जखमी नरभक्षक तसाच सोडून घरी परतणे कॉर्बेट यांच्या नियमात बसत नव्हते. ते दिवसेंदिवस तिच्या रक्ताचा माग काढत चढउतार करत राहिले. रात्री आडवे पडले की वेदना वाढे, म्हणून झोपही नव्हती. एका रात्री झाडावर बसलेले असताना ते गळू कानातून आणि नाकातून फुटले. वेदना ओसरली, डोके हलके झाले, आणि पुढच्या दिवसांत त्यांनी वाघिणीला गाठले. तिला सोलताना पुढच्या पायात आणि खांद्यात साळिंदराचे वीसेक काटे रुतलेले सापडले. काही काटे पाच इंच लांब होते. जिच्या मागे ते फुटक्या कानाने चालत होते ती स्वतः कित्येक वर्षे रुतलेल्या काट्यांनिशी चालत होती. या प्रसंगाजवळ आम्ही दर वेळी थोडे थांबतो. शिकार करणाऱ्याला आणि होणाऱ्याला वेदनेने एकाच पातळीवर आणून उभे केलेले असे उदाहरण क्वचितच सापडेल.

पुढच्याच वर्षी, 11 एप्रिल 1930 रोजी, चौगडची वाघीण त्यांनी मारली. पाच वर्षांत 64 माणसांचा बळी तिने घेतला होता. त्या दिवशी कॉर्बेट यांच्या डाव्या हातात एका पक्ष्याची अंडी होती. ती घेऊन एका मोठ्या खडकाला वळसा घालताच वाघीण काही पावलांवर समोर बसलेली दिसली. झटका दिला असता तर तिने झेप घेतली असती. त्यांनी एका हाताने रायफल इतकी सावकाश फिरवली की तिला हालचालीची चाहूलच लागली नाही. तरुण शिकारी बहुधा घाई करता. चौपन्न वर्षांच्या माणसाच्या हातात तो संथपणा मुरलेला होता. या वाघिणीचेही एक सुळे मोडलेले, पुढचे दात झिजलेले आणि नख्या तुटलेल्या होत्या.

कॉर्बेट यांना संत ठरवण्याची गरज नाही. त्याच 1930 च्या हिवाळ्यात त्यांनी पवलगढचा प्रचंड वाघ मारला, आणि तो माणसे खाणारा नव्हता. त्याच्या आकाराची कीर्ती ऐकून कितीतरी शिकारी वर्षानुवर्षे त्याच्या मागावर होते. व्हाइसरॉयच्या शिकारींच्या व्यवस्थेतही कॉर्बेट यांचा हात असे. पण याच काळात त्यांच्या मनात बदल घडत होता हेही खरे. रायफलीच्या जागी त्यांनी चलच्चित्राचा कॅमेरा उचलला. जंगलात एका ठिकाणी पाण्याचा लहानसा प्रवाह त्यांनी मुद्दाम खळाळता केला, म्हणजे कॅमेऱ्याची घरघर वाघांच्या कानी जाऊ नये. चार महिने खपून तिथे त्यांनी सात वाघ टिपले. 1936 साली हेली नॅशनल पार्क स्थापन झाले. त्यामागे ज्यांची धडपड होती त्यांत कॉर्बेट होते. शाळांतून जाऊन ते मुलांना जंगलाबद्दल सांगत आणि पक्ष्यांचे आवाज काढून दाखवत. वाघ असेच मारले जात राहिले तर एक दिवस संपतील, असा इशारा ते देत होते, आणि तो देशाने ऐकला तो त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी.

मग बंदूक कधी खाली ठेवायची? कॉर्बेट यांनी ते तारखेने ठरवले. 1938 साली शारदा नदीच्या खोऱ्यावरचे ठाक हे गाव एका वाघिणीच्या भीतीने ओस पडले होते. कॉर्बेट 63 वर्षांचे होते. आपण आता या कामाला म्हातारे झालो आहोत हे ते जाणून होते, आणि नोव्हेंबरची तीस तारीख त्यांनी शेवटची ठरवली होती. तोवर वाघीण मिळाली तर ठीक, नाही तर परत जायचे. रात्रीमागून रात्री झाडांवर बसून गेल्या. तीस तारखेच्या संध्याकाळी ते माणसांसह परत निघाले असता वाघिणीची साद ऐकू आली. ती जोडीदार शोधत होती. कॉर्बेट यांनी वाघाच्या आवाजात तिला उत्तर दिले. लहानपणी कालाढुंगीच्या रानात शिकलेली ती विद्या होती. उजेड विझत चालला होता. एका खडकावर ते जेमतेम टेकून बसले, खाली आडोशाला सोबतची माणसे आणि एक बकरी. साद आणि प्रतिसाद जवळ जवळ येत गेले. शेवटी ती अगदी समोर उघड्यावर आली आणि त्यांनी दोन गोळ्या झाडल्या. रायफलीच्या दणक्याने ते खडकावरून मागे घसरले आणि खालच्या माणसांवर नि बकरीवर येऊन पडले. त्यांचा शेवटचा नरभक्षक असा मिळाला. तरुणपणी ज्याच्यामागे ते मैलोन्मैल धावले असते त्याला त्यांनी या वयात स्वतःकडे चालत यायला लावले.

एकतीस वर्षांचे ते काम त्या संध्याकाळी संपले. त्यानंतर नरभक्षकाच्या मागे ते गेले नाहीत.

शरीराचा हिशेब मात्र पुरा व्हायचा होता. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते 64 चे होते. रणांगणावर त्यांना कुणी घेतले नसते, म्हणून त्यांनी कुमाऊँतून माणसे भरती करण्याचे काम अंगावर घेतले. 1942 च्या सुमारास गोचिडीच्या तापाने त्यांना गाठले. आग्र्याच्या इस्पितळात तीन महिने काढावे लागले. वजन अफाट घटले आणि उरलेले आयुष्य चाकाच्या खुर्चीत जाईल असे डॉक्टरांना वाटले. कॉर्बेट उठले, चालू लागले आणि 1944 साली लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यावर सैनिकांना जंगलयुद्ध शिकवायला हजर झाले. त्यांचे एक केंद्र आपल्या नागपूरपासून फार दूर नसलेल्या छिंदवाड्याला होते. तिथे साठी ओलांडलेला हा माणूस विशीतल्या जवानांना कोणते फळ खावे, पाणी कुठे शोधावे आणि कोणत्या पक्ष्याच्या ओरडण्याने सावध व्हावे हे शिकवी. नंतर हिवतापाने पुन्हा अंथरूण धरले.

या आजारपणाच्या काळात त्यांनी लेखणी हातात घेतली. पूर्वी 1935 साली नैनीतालला स्वतःपुरत्या शंभर प्रती छापलेल्या जंगलकथा होत्या. त्या वाढवून तयार झालेले पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई कचेरीने 1944 च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध केले. कुमाऊँच्या नरभक्षकांचे ते जगभर गाजलेले पुस्तक मुंबईतून निघाले, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. पहिल्या आवृत्तीचे मानधन युद्धात दृष्टी गमावलेल्या भारतीय सैनिकांच्या आश्रमाला देण्यात आले. ज्या वयात पाय थकतात त्या वयात कॉर्बेट जंगलाला कागदावर घेऊन आले, आणि खरे म्हणजे आपण त्यांना ओळखतो ते या उत्तरार्धामुळेच.

1947 च्या अखेरीस जिम आणि मॅगी केनियाला गेले. ज्या कुमाऊँत जन्म झाला, भाषा अंगवळणी पडली, ज्यांना लोक प्रेमाने कार्पेटसाहेब म्हणत, ती भूमी 72 व्या वर्षी सोडणे सोपे गेले नसावे. नव्या स्वतंत्र देशात आपल्याला जागा उरेल की नाही अशी शंका त्यांना होती. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मूळ गावापासून दूर राहिलेली माणसे आहोत; जन्माची जागा आणि ओळखीची जागा वेगळी होण्याची हुरहुर आपल्याला समजू शकते. जाताना त्यांनी छोटी हलद्वानीच्या जमिनी कुळांना दिल्या, आणि केनियातूनही त्या कुळांचा सारा भरत राहिले. गावाला रानडुकरांपासून राखण्यासाठी बांधलेली त्यांची दगडी भिंत आजही उभी आहे.

केनियात न्येरी गावी त्यांना छातीचा त्रास वारंवार होई. तरी लिहिणे आणि रानात हिंडणे चालूच होते. फेब्रुवारी 1952 मध्ये तेव्हाच्या राजकन्या एलिझाबेथ झाडावरच्या ट्रीटॉप्स या निवासात रात्र काढायला आल्या तेव्हा 76 वर्षांचे कॉर्बेट त्यांच्या सोबतीला होते. त्या रात्रीतच राजे सहावे जॉर्ज वारले आणि झाडावर चढलेली राजकन्या राणी होऊन खाली उतरली. याच निवासावरचे छोटे पुस्तक लिहून पुरे केल्यावर काही दिवसांतच, 19 एप्रिल 1955 रोजी, हृदयविकाराने कॉर्बेट यांचे निधन झाले. दोन वर्षांनी, 1957 साली, हेली पार्कला त्यांचे नाव देण्यात आले, आणि 1972 च्या कायद्याने ज्याची शिकार थांबवली तो वाघ आज त्याच अरण्यात हिंडतो.

आपल्या मंडळात सत्तरी-ऐंशी ओलांडलेले कितीतरी ज्येष्ठ अजून आरतीची तयारी करतात, वर्गणीसाठी जिने चढतात, हिशेबाच्या वह्या लिहितात. गुडघे दुखतात हे घरच्यांना ठाऊक असते आणि तरी काम सुटत नाही. कॉर्बेट यांच्या आयुष्यातून आम्ही त्यांच्यासाठी, आणि उद्या त्या वयात पोचणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी, एवढेच उचलतो. थकवा आल्यावर रुद्रप्रयागहून परतायला ते लाजले नाहीत. वेळ पडली तेव्हा फुटक्या कानाने तल्ला देसला गेले. ठाकला जाताना शेवटची तारीख स्वतः ठरवली, आणि बंदूक ठेवल्यावर कॅमेरा आणि लेखणी उचलली. काम सोडण्याची घाई केली नाही आणि कामाचे रूप बदलण्याची लाजही बाळगली नाही. श्री गजाननाच्या कृपेने असे शहाणपण आणि असे दीर्घ कार्यक्षम आयुष्य आपल्या सर्वांना लाभो.